शेठची लाइन

आंबागडच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात लाइन गेली की लोक सरकारला शिव्या द्यायचे आणि धानगिरणीच्या शेठकडे बघायचे. शेठनं नुकताच जनरेटर आणला होता. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर स्वतःची तार ओढायला त्याचा हात आखडला, म्हणून तो गावाच्या खांबांवरच्या तारेतच वीज सोडायचा. त्याआधी, ती वीज गावाबाहेरच्या लाइनीत जाऊ नये म्हणून, त्याचा माणूस डीपीतले फ्यूज काढायचा. सगळ्या गावात फुकटचे दिवे लागायचे आणि शेठ देवमाणूस ठरायचा.

माझे बाबा ठेकेदाराकडे लाइनमन होते. तेही खांबावर चढण्याआधी फ्यूज काढून खिशात घालायचे. त्या पावसाळ्यात ते तुटलेली तार जोडायला चढले. फ्यूज निघालेले पाहून शेठच्या माणसाला वाटलं, आपलं अर्धं काम झालंच आहे. त्यानं इंजिन लावलं. गाव उजळलं, पोरांनी आरोळी ठोकली आणि बाबा खाली कोसळले. उजवा हात दंडापासून कापावा लागला.

ठेकेदारानं ओळख दाखवली नाही. शेठनं मात्र बाबांना कामावर ठेवलं, त्याच इंजिनाच्या राखणीला. "नशीब काढलं तुह्या बाबानं," लोक मला सांगायचे. त्यांच्या तोंडात माती कोंबावीशी वाटायची.

पुढं पुन्हा लाइन गेली. नवा लाइनमन खांबावर होता आणि शेठकडे पाहुणे आले होते. मी बाबांचा डबा घेऊन गिरणीत गेलो होतो.

"इंजिन लावू दे त्याले! हँडल कुठं हाये?" आपल्या माणसाकडे बोट दाखवत शेठ बाबांवर ओरडला.

बाबा इंजिन फिरवायच्या हँडलवरच बसले होते. "पोरगा खांबावर हाये, शेठजी. उतरू द्या."

"तो तुहा कोण लागते?"

बाबा उठले नाहीत. लाइनमन खाली आल्यावरच त्यांनी हँडल दिलं. शेठनं त्यांना तिथंच काढून टाकलं. थोडा वेळ अंधारात बसावं लागलं म्हणून गावानंही बाबांनाच माजोरी म्हटलं.

मग बिल थकून आमचं मीटर गेलं आणि घरी आकड्याची वीज आली. अर्ध्या आळीत आकडे होते, चुगली आमचीच झाली. तोच लाइनमन आला. फ्यूज काढून त्यानं खिशात घातले, खांबावर चढला आणि आमची तार उपटली.

"चोरीची लाइन जाळतं काय, बुढ्या?" तो वरून खेकसला. "लाज नाही वाटत तुले?"

मी सगळं सांगायला तोंड उघडलं. बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट आवळलं. गिरणीत इंजिनापाशी आता दुसरा माणूस होता. लाइनमनचे पाय जमिनीला लागेपर्यंत बाबा गिरणीकडेच बघत राहिले.