रिकाम्या झाडाची परांची

आमच्या रस्त्याकडच्या जांभळाला मी परांची बांधली तेव्हा झाडावर एकही फळ नव्हतं. गावाची फुकटात करमणूक झाली.

जांभळाची फांदी दगाबाज. दिसते जाडजूड, पण पाय ठेवला की कडकन मोडते. झाड हलवून फळ पाडावं तर ते खाली पडून फुटतं. म्हणून आमच्या पट्ट्यात तोडणीआधी झाडाभोवती बांबूंची परांची उभी करतात आणि तिच्यावर उभं राहून फळ हाताने उतरवतात. ज्याने गाठी बांधल्या त्यानेच त्या सोडायच्या, तेही शेंड्यावरचं शेवटचं फळ उतरल्यावर. दुसऱ्याच्या गाठीला कोणी हात लावत नाही. गाठीवर माणसाचा जीव असतो.

माझ्या दिराच्या डोळ्यांत हे झाड खुपत होतं. बोईसरच्या कारखान्यांत येणाऱ्या कामगारांना खोल्या लागतात, बेटेगावकडे ज्याने त्याने चाळी उठवल्या आणि आमची रस्त्याकडची जागा मात्र जांभूळ अडवून बसलंय, हे त्याचं पालुपद. काही वर्षं अवकाळी पावसाने मोहोर झडत होता, त्यामुळे त्याला आयतंच निमित्त मिळालं. यंदा फळ बाजारात गेलं नाही तर झाड तोडायचं, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं आणि बाकीचे जेवत राहिले. लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या झाडावर मी चढतेय, पण मला कोणी विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आणि यंदाही ऐन मोहोरात पाऊस आला. सकाळी झाडाखाली मोहोराचा चिखल झाला होता. दीर चहा पिता पिता म्हणाला, "झाला यंदाचा जांभूळ. लाकूडतोड्याला सांगून येतो."

मी नवऱ्याला बांबू काढायला सांगितलं. तो तारापूरला कंपनीत असतो, बोलतो कमी. का म्हणून विचारलं नाही. खालून एकेक बांबू देत गेला, मी वर काथ्याने आवळत गेले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. शेजारचा तर ओरडलाच, "वयनी, यंदा पाला उतरवायचा हाय काय?"

"हो," मी म्हटलं, "तुमच्या बकऱ्यांना."

दोन दिवसांनी लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन आला. परांची पाहून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"कोणी बांधली?"

"वयनीने. रिकामीच हाय, सोड तू," दीर म्हणाला.

"बांधली तीच सोडील. मी नाय हात लावणार." त्याने कुऱ्हाड उचलली आणि चालू लागला.

दीर माझ्याकडे वळला. "वयनी, सोडा त्या गाठी."

"शेंड्यावर फळ हाय, भावजी."

शुद्ध थाप होती. शेंड्याला उशिराच्या थोड्या कळ्या तेवढ्या होत्या. त्या धरतील की गळतील, मलाही ठाऊक नव्हतं. रोज पहाटे वर चढून बघायचे आणि खाली उतरताना तोंडावर काही दिसू द्यायचे नाही.

कळ्यांनी धरलं. फळ बारीक होतं, पण होतं. ते काळं पडायला लागलं आणि मे महिन्यातच आभाळ भरून आलं. मोबाईलवर इशाऱ्यामागून इशारे. चिंचणीकडे वाळत घातलेली मासळी भिजली. बातमी आली, पालघरचं जांभूळ यंदा गेलं. आमचं फळ नेणाऱ्या व्यापाऱ्यानेही ती वाचली असावी. भिजलेलं फळ वाटेत फुटतं, गाडी पाठवत नाही, म्हणाला. माझ्या झाडाने बातमी वाचली नव्हती.

दोन सरींच्या मधे मी वर चढले. ओला बांबू तळपायाखाली निसटत होता. भीती वाटली, खोटं कशाला सांगू! निम्मं फळ तडकलेलं निघालं. उरलेलं पाल्यावर टोपल्यांत भरलं आणि रिक्षाने बोईसरला, पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटबाहेर जाऊन बसले. कामगारांचा घोळका बाहेर पडला. एकाने फळ तोंडात टाकलं आणि मागे वळून ओरडला, "अरे, जामुन! गाँव जैसा!" टोपल्या बघता बघता संपल्या.

घरी येऊन रिकाम्या टोपल्या दिरासमोर पालथ्या घातल्या.

"गेट म्हणजे बाजार नाय," तो म्हणाला.

"मी विकायला बसले, लोकांनी घेतला. तुमच्या बाजारात आणखी काय असतं, भावजी?"

घरच्यासाठी ठेवलेल्या वाटीतली जांभळं तो खात बसला. जीभ जांभळी होईपर्यंत खाल्ली. मग म्हणाला, "बरा, झाला ना आता? सोडा ती परांची."

मी वर पाहिलं. शेंड्यावर पानांशिवाय काही उरलं नव्हतं.

"शेंड्यावर फळ हाय अजून," मी म्हटलं.