सवसनचा दुसरा मोजा

सवसनने उभ्या आयुष्यात दुसरा मोजा म्हणून विणला नव्हता. पहिला मात्र गुंत नदीच्या दोन्ही काठांवर तिच्यासारखा कोणी विणत नाही, असं सगळं गाव म्हणे. म्हणजे आधी सवसन म्हणे, आणि मग गाव म्हणे.

तिचं म्हणणं असं की खरी मजा पहिल्या मोज्यात असते. बोटांच्या टोकाशी क्रोशाच्या सुईने सहा टाक्यांचं इवलंसं वर्तुळ घालायचं आणि तिथून वर चढत जायचं. घोट्यापाशी डाळिंबी रंगात पिवळा कुठून शिरेल, पोटरीवर नक्षीतलं काळ्या काठाचं हिरवं शिंग कसं वळेल, हे विणणारीला तरी कुठे ठाऊक असतं? आणि दुसरा मोजा म्हणजे? नुसती नक्कल. "एकदा सांगितलेली गोष्ट त्याच शब्दांत परत सांगायची, आणि तीही कोणाला, तर पायाला!" असं म्हणून ती पहिला मोजा झटकून पेटीत टाके आणि नवीन लोकर काढे.

नवीन लोकर नेहमीच असे. लोकर विकत घेणं आणि लोकर विणणं ह्या दोन स्वतंत्र हौशी आहेत, आणि पहिलीचा दुसरीशी संबंध असलाच पाहिजे असं नाही, हे तिच्या नवऱ्याला, कदमशोला, लग्नानंतर लवकरच उमगलं होतं. तांदळाच्या पिंपात लोकर होती, जास्तीच्या उशांत लोकर होती, त्याच्या जीपच्या हत्यारांच्या डब्यात पाना शोधायला जावं तर निळी लडी हाताला लागे. टाके मोजताना सवसन एक बोट वर करी. ते बोट वर असेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. एकदा त्या बोटाखाली चुलीवरचं दूध उतू जाऊन करपलं, आणि कदमशो ते बघत गप्प उभा होता. "तुम्ही बोलायचं नाही का?" म्हणून नंतर तोच बोलणी खाऊन बसला.

कदमशो खोरोग शहराला उतारू नेणारी जीप चालवी. त्याच्या दोन पायांत कधी एकसारखे मोजे नसत. प्रार्थनेला बूट काढले की बाकीचे पुरुष डोळे मिटायच्या आधी त्याच्या पायांकडे एक नजर टाकून घेत. तीस वर्षांत जोडीचे मोजे त्याने एकदाच घातले, अपेंडिक्सच्या वेळी इस्पितळात, आणि ते तिथलेच होते.

हे सगळं वर्षानुवर्षं नीट चाललं होतं. मग मेहरंगेजचं लग्न अलीकडे ओढलं गेलं.

मेहरंगेज त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा होणारा नवरा शोदमोन मॉस्कोत इमारतींच्या कामावर. लग्न वसंतातल्या नवरोजनंतर ठरलेलं, पण त्याच्या मुकादमाने रजा दिली ती आत्ता, बटाटे काढायच्या दिवसांत. लग्नाला उरले बारा दिवस. कापड झालं होतं, बोकड ठरला होता. प्रश्न मोज्यांचा. नवरीकडून नवऱ्याच्या घरच्या जवळच्या प्रत्येक माणसाला गुडघ्यापर्यंतच्या लोकरी मोज्यांची जोडी द्यायची, आणि ती नवरीच्या आईच्या हातची हवी. विजोड मोजा दिला तर जोडपं विजोड निघतं म्हणतात. शोदमोनकडची जवळची माणसं अकरा. त्यातली अकरावी म्हणजे त्याची नेकबख्त आत्या. ही बाई लग्नालग्नांत मोजे उलटे करून आतले दोरे तपासते आणि नंतर सहा महिने त्याबद्दल बोलते, अशी तिची ख्याती होती.

"आई, मोजे आहेत ना गं? तू तर सगळ्यांना सांगत होतीस, पेटी भरल्येय म्हणून."

"भरलेलीच आहे," सवसन म्हणाली. ते खोटं नव्हतं.

मेहरंगेजने पेटी उघडली. मोजे काढून गालिच्यावर मांडत गेली. बारा झाले, तीस झाले, त्रेसष्ट झाले. एकालाही दुसरा नव्हता. एकेक इतका देखणा, की मेहरंगेजला रडू येण्याआधी क्षणभर बघतच राहावं लागलं.

"सोप्पं आहे," कदमशो दारातून म्हणाला, "हे स्थळ मोडू आणि एकेकच पाय असलेलं घराणं शोधू."

"तुम्ही जीप धुवा जाऊन," सवसन म्हणाली.

"आई, नेकबख्त आत्या मला आयुष्यभर ऐकवेल गं. 'अर्ध्या मोज्याची मुलगी' म्हणून हाक मारील मला!"

"असं कसं ऐकवेल? अकरा मोजे तयार आहेत. अकरा करायचेत. झालं!"

झालं कसलं? सवसनला एका मोज्याला चार दिवस लागत, त्यातला एक तो लांबून बघण्यात जाई. तरी तिने दुपारी कंबर कसली. डाळिंबी मोजा समोर ठेवला आणि त्याचा दुसरा सुरू केला. बोटांचा भाग झाला. दोन जांभया झाल्या. घोट्यापाशी पिवळा घ्यायचा होता, पण निळा हाताशी होता, आणि निळा काय वाईट दिसला असता? संध्याकाळी बघते तर तो तिसऱ्याच कुठल्यातरी मोज्याचा पहिला झालेला. पेटीत आता चौसष्टावा पडणार होता.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीपलीकडे जावेकडे गेली.

दवलतमो तिची धाकटी जाऊ. ती गेली सव्वीस वर्षं राखाडी मोजे विणत होती. राखाडी, आणि वर पांढरी एक पट्टी. रोज एक मोजा, दोन दिवसांत जोडी, आणि ती खोरोगच्या दुकानात. डोंगर चढायला येणारे पाहुणे ते घेऊन जात. "यंत्रसुद्धा कधीतरी बिघडतं," सवसन चारचौघींत म्हणायची, "आमची दवलत बिघडत नाही." हे दवलतमोच्या कानावर गेलं होतं, कारण सवसन ते तिच्यासमोरच म्हणायची.

दवलतमो अंगणात बटाटे निवडत होती.

"ये वहिनी. बस. वाट बघत होते."

"कशाची?"

"मेहरंगेजचा आवाज भिंतीला थांबतोय थोडाच!"

सवसन बसली. बटाट्यांचं पीक बरं आलंय म्हणाली. हवा गार झालीय म्हणाली. दवलतमोने सगळ्याला हो म्हटलं आणि एक बटाटा उचलून फार वेळ न्याहाळला. तिला मुळीच घाई नव्हती. सव्वीस वर्षं थांबलेल्या माणसाला कसली आलीय घाई!

"दवलत, तुझा हात जरा मोकळा असला तर..."

"माझा हात? वहिनी, माझा हात म्हणजे यंत्र. तुझ्या कलाकुसरीत कुठे बसवतेस?"

"बोलले असेन कधीतरी."

"कधीतरी?"

"बरं, नेहमी बोलले. आता करतेस की नाही?"

दवलतमोने बटाटा खाली ठेवला. "करते. पण रोज इथे येऊन बसायचं. मी विणेन, तू चहा करायचास. आणि माझ्या राखाडीबद्दल ह्यापुढे तोंड उघडायचं नाही."

असे अकरा दिवस सवसनने जावेच्या चुलीवर खारट चहा उकळला, त्यात लोणी घातलं, आणि जन्मात पहिल्यांदा दुसरा मोजा तयार होताना बघितला. दवलतमो पहिला मोजा उलटा करी, दोरे कसे ओढलेत ते बोटाने चाचपी, आणि सुई चालू. हात सैल सोडायचा की आवळायचा, तेही तिने हुबेहूब उचललं. सवसनला ह्याचं कौतुक वाटलं असतं, पण राग आधी आला.

तिसऱ्या दिवशी दवलतमो थांबली. "वहिनी, इथे तू टाका चुकलीयेस. शिंग वाकडं गेलंय. मीही चुकू?"

"ती चूक नाहीये. मुद्दाम वळवलंय ते."

"पुढच्या ओळीत परत सरळ केलंस, तेही मुद्दाम?"

"तू वीण!"

दवलतमोने विणलं. मात्र शिंग सरळ विणलं. सव्वीस वर्षांत तिच्या सुईने चुकीचा टाका घेतला नव्हता, आणि जावेच्या भिडेखातर आता घ्यायला तो हात तयार होईना.

लग्न झालं. मांडवात गाणी झाली, बोकड झाला, आणि मग शोदमोनकडच्या घरी खांबांच्या मधल्या बैठकीवर अकरा जोड्या मांडल्या गेल्या. बायकांच्या तोंडून "अहाहा" निघालं. सवसनने मान खाली घातली, म्हणजे कौतुक नीट ऐकू येईल.

नेकबख्त आत्याने आपली जोडी उचलली. ताणली. उलटी केली. खिडकीपाशी नेली. 

"विहीणबाई," ती म्हणाली, "हात चांगलाय तुमचा. हा मोजा बघा. शिंग कसं ताठ, एक दोरा इकडचा तिकडे नाही. पण दुसरा कोणी शिकाऊ पोरीने केलाय का?"

"कुठला?"

"हा. ह्यात शिंग लंगडतंय. मदतीला घेतलं असेल एखादीला, लगीनघाईत होतं असं. पण शिकाऊ हात लगेच कळतो हो."

सवसनने नुसतं "हो" म्हणायचं होतं. ताठ शिंगाची शाबासकी पदरात पडली होती, लंगड्या शिंगाचं खापर फोडायला एक नसलेली पोरगी आयती मिळाली होती. मेहरंगेज घुंगटाआडून आईकडे डोळे लावून बसली होती, आणि त्या डोळ्यांत एकच गोष्ट होती, की आई, आज तरी गप्प बस.

"शिकाऊ?" सवसन उभीच राहिली. "तो मी विणलाय! पहिला आहे तो! मनातून काढलेला! आणि तो ताठवाला नुसती नक्कल आहे, ती माझ्या जावेची!"

ह्याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. कदमशोने डोळे मिटून घेतले, जसे तो जीप वळणावर घसरली की मिटत असे.

"म्हणजे," नेकबख्त आत्या सावकाश म्हणाली, "ह्यातले निम्मे मोजे तुम्ही विणलेलेच नाहीत."

"निम्मे विणलेत की!"

मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकलं. तेव्हा दवलतमो बोलली. लग्नाबिग्नात ती कधी बोलत नसे. "आत्याबाई, तिला पहिला सुचतो, मला दुसरा जमतो. तिसरं काही आम्हा दोघींनाही येत नाही."

बायका हसल्या. नेकबख्त आत्या नाही हसली, पण तिने मोजे परतही केले नाहीत. "लोकरीपायी लग्नं मोडत नाहीत," ती म्हणाली. "मुलगी आमची झाली, आणि तिला ह्यावरून कोणी एक शब्द बोलायचा नाही. मी बोलणार नाही म्हटल्यावर कोणाची हिंमत? पण विहीणबाई, आईच्या हातची जोडी ती जोडी. अकरा दुसरे मोजे नवरोजपर्यंत तुमच्या हातचे हवेत. त्यातला पहिला माझा."

मेहरंगेज सुटली, आणि आई अडकली.

त्या हिवाळ्यात सवसनने काय भोगलं ते शब्दांत सांगण्यासारखं नाही, पण ती शब्दांतच सांगे, आणि रोज. आत्याच्या जोडीतला मूळ, लंगड्या शिंगाचा मोजा शोदमोनकडच्यांनी नमुन्याला पाठवला होता. तो समोर ठेवून ती विणे. निळी लडी हाताला लागली की कदमशोकडे देई, तो ती बाहेर जीपमध्ये कुलपात ठेवून येई. शिंगापाशी आली तेव्हा तिला कळलं, की नकळत झालेली चूक मुद्दाम परत करणं फार अवघड असतं. तीनदा उसवलं. शेजारी बसलेली दवलतमो हिशेब सांगे, "आणखी एक टाका डावीकडे लंगडव, वहिनी. हां. आता परत सरळ कर."

बावीस दिवसांनी दुसरा मोजा झाला. हुबेहूब. वाकडं ते वाकडं, सरळ ते सरळ. कदमशोने तो मूळ मोज्यासकट जीपने आत्याकडे पोचवला.

आठवड्याने शोदमोनच्या आईचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली. मेहरंगेज मॉस्कोत रुळलीय, भात करपवत नाही आता, वगैरे.

"आणि मोजा?" सवसनने विचारलं. "आत्याबाई काय म्हणाल्या?"

"तेच सांगायला केला फोन. त्या म्हणतात, उरलेले दहा राहू देत."

"का? चांगला नाही झाला?"

"नाही नाही, चांगला झालाय. टाक्याला टाका जुळतो म्हणाल्या. फक्त..." विहीणबाई घुटमळली. "त्या म्हणतात, विणणारी कंटाळलेली दिसते. जावेचा जो दुसरा होता, तो विणताना कोणीतरी सुखात होतं, असं म्हणाल्या. म्हणून त्या तोच घालतात आता. लंगड्याबरोबर."

सवसनने फोन ठेवला. पाच मिनिटं तिने नेकबख्त आत्याच्या घराण्याचा मागच्या सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. दवलतमोने तोवर चहा ओतला, लोणी जरा जास्तच घातलं.

"बाई खोटं बोलली का?" तिने विचारलं.

"खोटं बोलली असती तर मी कशाला चिडले असते?"

मग सवसनने कदमशोला हाक मारून जीपची किल्ली मागवली. निळी लडी आणली. सहा टाक्यांचं वर्तुळ घातलं, बोट वर केलं, आणि घर शांत झालं. निळ्यातून काय निघणार होतं ते तिलाही अजून माहीत नव्हतं.

दवलतमोने बोट खाली यायची कशीबशी वाट पाहिली. "जरा हात चालव, वहिनी," ती म्हणाली. "तुझा होईपर्यंत मी काय करू? राखाडीचा आताशा कंटाळा येतो मला."