जंगलात पडलेलं पंख्याचं विमान

अहेरीकडच्या जंगलात पडलेलं ते लहानसं विमान अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथे ठाणेदार होतो. एका खासगी कंपनीने बांबूच्या पाहणीसाठी जायरोप्लेन आणलं होतं. वर मोठा पंखा, मागे इंजिन आणि मध्ये उघड्यावर बसलेला वैमानिक. तो दूरच्या मुलखातला तरणा माणूस गावाबाहेर तंबूत राहायचा. सोबत फक्त एक स्वयंपाकी. त्याची भाषा गावात कोणाला कळत नसे. संध्याकाळी एक गोंड म्हातारा येऊन त्याच्याजवळ विडी ओढत बसायचा. तेवढीच त्याची संगत.

एका सकाळी उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. असं यंत्र दगडासारखं कोसळत नाही. पंखा हवेवर फिरत राहतो, खाली मोकळी जागा असली तर माणूस सुखरूप उतरतो. त्याच्या खाली सागाचं जंगल होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो गेलेला होता. पंचनामा झाला, आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. तज्ज्ञाने इंजिन उघडलं, तेव्हा पेट्रोलमध्ये पाणी निघालं.

लगेच खबऱ्या आला. "साहेब, आदल्या सांजेले तो बुढा पेट्रोलचा डबा घेऊन तंबूत गेला होता. म्या पाह्यलं."

बांबू हातचा जाईल म्हणून गावाचा पाहणीला विरोध होताच. वरिष्ठांचा फोन आला, "घातपात आहे. खुनाचं कलम लावा."

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

"डबा नेला होता?"

"नेला जी. खळं सारवाले पानी आनाचं होतं. त्यानंच देल्ला."

"परत देताना त्यात काय टाकलं?"

"काई नाई. धुतला अन् देल्ला."

माझा राग तेव्हा ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होता. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. म्हातारा 'धुतला अन् देल्ला' एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. दुपारपर्यंत त्याच्या घरून भाकर आली नाही, म्हणून माझा जेवणाचा डबा त्याला दिला. त्याने तो घासून परत केला. मी झाकण उघडलं आणि आतलं पाणी माझ्या कागदांवर सांडलं.

"यात पाणी काऊन ठेवलं?" मी खेकसलो.

"दुसऱ्याचं भांडं खाली नाई देत, साहेब. दाने नसले त घोटभर पानी तरी ठेवा लागते."

मी खुर्चीत बसलो. हळू आवाजात विचारलं, "त्याच्या डब्यातही ठेवलं होतं?"

"ठेवलं ना. दोस्त होता माहा."

स्वयंपाक्याचा जबाब घेतला. वैमानिकाने सकाळी घाईत, आत न बघता, त्याच डब्यात पेट्रोल भरून टाकीत ओतलं होतं.

वरिष्ठ ऐकेनात. मी शिपायापासून वर चढलेला माणूस, सौदा करायला बाजारात शिकलेला. म्हणालो, "साहेब, उकल तुमच्या नावावर घ्या. म्हातारा मला द्या." सौदा पटला. प्रशस्तिपत्र त्यांना मिळालं, मला जिल्ह्याच्या पार टोकाच्या सिरोंच्याची बदली. त्या बदलीचा राग निवृत्तीनंतरही गेलेला नाही, पण सौदा महाग पडला असं मात्र मी म्हणणार नाही.

सोडताना म्हाताऱ्याने विचारलं, "मंग साहेब, ते पडलं काऊन?"

फायलीत मी अक्षर न् अक्षर खरं लिहिलं होतं. त्याला म्हणालो, "इंजिन बंद पडलं, बाबा."

खरं शोधायचं कसं, हे मला नोकरीने शिकवलं. सापडलेलं खरं कोणाच्या हातात द्यायचं आणि कोणाच्या नाही, हे या एका प्रकरणाने शिकवलं. ज्याच्या हातात ते देत नाही, त्याच्या वाट्याचं ओझं आपल्यालाच वाहावं लागतं, तेही कोणाशी न बोलता.

म्हातारा फाटकाशी थांबला. "त्याच्या घरचे कोनी आले त मले बलवा जी," तो म्हणाला. "म्या सांगीन त्याईले, इथी तो एकटा नोहता म्हनून."

कोणी आलं नाही.