फोन पाखडणारी मावशी

राइस मिलजवळून जाताना कोंड्याचा वास आला की मला दवनीवाडा गावातलं ते खळं आठवतं. पावसाचे इशारे देणारं एक मोबाइल ॲप आम्ही बनवलं होतं आणि ते लोकांच्या हातात कसं चालतं हे बघायला मी तिथे गेलो होतो. चालताना किंवा गाडीत धक्के बसतानाही वाचता यावं म्हणून फोन हलला की त्यातली अक्षरं आपोआप मोठी व्हायची आणि स्थिर झाला की पुन्हा लहान. खळ्यात धानाची रास उघडीच होती आणि खळं ज्यांचं त्या घरची मावशी शेजारी बसून सुपानं पाखडत होती. तेवढ्यात इशारा वाजला. तिनं सूप खाली ठेवलं, फोन दोन्ही हातांत आडवा धरला, डोळे बारीक केले आणि तोही पाखडायला लागली. “मावशी, असं काऊन करून राहिल्या?” मी विचारलं. “हालवलं का अक्षर मोठे होतेत. तूनंच त बनवलं ना?” पाखडता पाखडताच तिनं ‘संध्याकाळच्या आत पाऊस’ एवढं वाचलं, फोन माझ्या हातात कोंबला आणि ताडपत्री ओढायला धावली. पाऊस आला तेव्हा रास झाकलेली होती. हल्ली चष्मा घरी विसरला की माझेही हात फोन पाखडू लागतात. माझ्या आताच्या फोनमधली अक्षरं मात्र तेवढीच राहतात.