लांज्याजवळच्या ‘नागव्या बागे’चा इतिहास

‘देशातलं पहिलं कौटुंबिक निसर्गवादी उद्यान’ अशी जाहिरात माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, मोबाइलवर दाखवली. निसर्गवादी म्हणजे कपड्यांविना राहणारे, हे कळल्यावर जायचं ठरलंच. चेष्टा करायलाच गेलो होतो, हे कबूल करते.

पुण्याहून पहाटे निघालो. आंबा घाट उतरून पालीला मिसळ खाल्ली, मग हायवेने लांजा. पुढचा रस्ता असा, की गाडीपेक्षा पाठीची काळजी घ्या. तिकीट माणशी तीनशे रुपये आणि आत सगळे अंगभर कपड्यांत.

“कायद्यात बसत नाही हो,” मॅनेजर म्हणाला. “आता आम्ही फक्त इतिहास दाखवतो.”

इतिहास म्हणजे पत्र्याची एक खोली आणि भिंतीभर जुने फोटो. मुंबईच्या एका जोडप्याने परदेशात असली उद्यानं पाहिली, इथला उजाड कातळ विकत घेतला, चिऱ्यांची उंच भिंत घातली आणि मित्रांच्या कुटुंबांना सुट्टीत बोलावलं. खाली ‘पूर्वजांच्या निर्मळ जीवनाकडे’ वगैरे भारदस्त मजकूर. फोटोत मात्र ही मंडळी टॉवेल गुंडाळून पडवीत बसलेली. एका फोटोत लंगोटीतला एक माणूस पहार घेऊन उभा होता. त्याच्यावर आम्ही मनसोक्त हसलो.

दुपारी जेवायला कुळथाची पिठी आणि भात. तेवढं फक्कड. वाढणाऱ्या सुलोचनाकाकी सुरुवातीपासून इथे कामाला.

“दोन वर्षांत पळाले सगळे,” त्या म्हणाल्या. “तांबड्या मुंग्या चावल्या, मग कसला निसर्ग.”

जेवणानंतर त्या मला पुन्हा त्या खोलीत घेऊन गेल्या आणि लंगोटीवाल्या फोटोची काच पदराने पुसू लागल्या.

“हे माझे मालक. इथली पाण्याची बाव त्यांनीच खणली. त्यांचा फोटो म्हणून हा एकच हाय. खाली नाव लिवलाय ना, बाय? मला वाचता येत नाय.”

नाव नव्हतंच. ‘वस्त्रत्याग स्वीकारणारा पहिला स्थानिक रहिवासी’ असं लिहिलं होतं. खोटं सांगावंसं वाटलं, पण मी वाचून दाखवलं. त्यांना कळेना, तेव्हा सोप्या शब्दांत सांगावं लागलं.

त्यांनी काचेवरचा पदर खाली सोडला. मग म्हणाल्या, “कातळ काय कोट घालून फोडायचा व्हता?”

त्यांनी फोटो खिळ्यावरून काढला. मॅनेजर धावत आला. “काकी, तो इतिहास आहे. पाहुण्यांना आवडतो.”

“मग तुझ्या बापाचा लाव,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी उद्यापासून येत नाय.”

आम्ही त्यांना गाडीतून वाडीवर सोडलं. जेवणाआधी आपण कशाला हसलो होतो, ते मी त्यांना सांगू शकले नाही.

पुण्याला परतून आठवडा झाला. त्या मुंबईकर जोडप्याचं नाव विसरले, त्याचं दुःख नाही. तुम्ही जाणार असाल तर तिकीट काढू नका. विहीर फाटकाबाहेरूनही दिसते. ती धोंडू गोरुले यांनी खणली.