मामा आणि बिजलीचे गुडघे

मामांना माफ करणं जमत नसे. जमत नसे म्हणजे काय, ते त्यांना पटतच नसे. शिळफाट्याच्या एका टपरीवाल्यानं गाडीतून उतरलेल्या साहेबाला ताजा चहा दिला आणि मामांना पातेल्याच्या तळाचा. झालं! त्यानंतर वर्षानुवर्षं मामा समोरच्या टपरीवर, त्याच्याकडे तोंड करून चहा प्यायले. "त्याला दिसला पायजेल," म्हणायचे. "लपून राग धरून उपेग काय?"

लोधिवलीजवळच्या एका तबेल्यात ते मोतद्दार होते, सगळ्यांचेच मामा. घोड्यांचा खरारा, दाणापाणी, सगळं त्यांच्याकडे. मी खालापूरचा जनावरांचा डॉक्टर, महिन्यातून दोनदा तिथे जायचो. रोज सकाळी मामा प्रत्येक घोड्याच्या गुडघ्याला पालथा हात लावून बघत. मग घोडं फरशीवर चालवायला सांगून स्वतः डोळे मिटून उभे राहत. "पाय कानानं बघायचा, डॉक्टर. डोळा लबाड हाय." बिजली नावाच्या वयस्कर घोडीचा संधिवात त्यांनी असाच माझ्या आधी ओळखला. मला तेव्हा जरा अपमानच वाटला होता, खोटं कशाला बोलू?

मी बिजलीला कोलॅजनची पावडर लिहून दिली. ती हाडं-कातडी उकळून काढतात हे कळल्यावर मामा उखडलेच. "म्हंजे पायाचं सूपच की! घोड्याची जात शाकाहारी, आनि तुमी तिला बाटवताय?" तरी भिजवलेल्या हरभऱ्यात गुळाबरोबर कालवून त्यांनी ती एकही दिवस न चुकता दिली. मी आधीच बजावलं होतं, गुण येईलच असं नाही, आला तर हळूहळू, आणि पाठीवर ओझं मात्र अजिबात नको. दोन-अडीच महिन्यांनी बिजलीचं सकाळचं अवघडणं कमी झालं. पावडरीनं की विश्रांतीनं, मलाही सांगता येईना. मामा म्हणाले, "दोनी लागतंय. एकल्याचं लगीन नाय लागत."

आणि लगीनच आडवं आलं. तबेल्याचा मॅनेजर, त्याचं नाव घेऊन मी तोंड विटाळणार नाही, त्यानं बिजली बरी चालतेय बघून तिला खोपोलीतल्या एका वरातीसाठी कबूल केलं. खोगीर शिवून आणायच्या निमित्तानं मामांना कर्जतला पिटाळलं आणि मागून घोडी नेली. डांबरी रस्ता, डीजे, पाठीवर नवरदेव, तीन तास. परत आली तेव्हा गुडघा नारळाएवढा सुजलेला. मालक आले, तर हा मेला शांतपणे म्हणतो, "मामा पावडर देतच नव्हता. बाहेर विकत होता."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं; हरभऱ्यात कालवलेली पावडर मी कितीदा डोळ्यांनी पाहिली होती. पण त्या तबेल्यातल्या चौदा घोड्यांचं काम माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "मी काही रोज इथे नसतो."

एवढंच बोललो. मामांना चोर ठरवून काढलं. लंगडी घोडी आता काय कामाची, म्हणून मालकांनी तीही त्यांच्याबरोबर लावून दिली.

मामांनी दीड वर्ष दम धरला. मॅनेजरच्या मुलाचं लग्न ठरलं, तसे ते कर्जतपासून खोपोलीपर्यंत वरातीची घोडी ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या दारात गेले आणि बिजलीचं काय झालं ते सांगून आले. एकानंही घोडी दिली नाही. नवरदेव टेंपोतून आला, एका हातानं फेटा आणि दुसऱ्यानं जनरेटर सांभाळत! शिळफाट्यावर वरात सगळ्यात चांगली त्या जुन्या टपरीवरून दिसत होती, म्हणून मामा इतक्या वर्षांनी तिथे जाऊन बसले. "चाय अजून तसलीच हाय," त्यांनी टपरीवाल्याला ऐकवलं. मी शेजारीच उभा होतो आणि पोट धरून हसत होतो. आजही त्या टेंपोची आठवण आली की मला बरं वाटतं. मामांनी मात्र माझ्याकडे बघितलं नाही.

माझी शिक्षा वेगळी होती. पावडर ते कर्जतहून आणत, आणि घरी जाताना वाकडी वाट करून, खालापूरला उतरून, माझ्या दवाखान्यासमोरून डबा दिसेल असा धरून जात. एकदा मी हाक मारली, "मामा, चहा तरी घेऊन जा." ते थांबले नाहीत. असं चार वर्षं चाललं.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. तेरावं झाल्यावर मी पावडरीचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. बिजली अंगणात उभी होती. गुडघ्याला पालथा हात लावला, तर चांगलाच गरम. मामींना म्हटलं, "जरा चालवता का हिला?" त्यांनी तिला दारापुढच्या फरशीवरून नेलं आणि मी डोळे मिटले. उजवा पुढचा पाय दबकत पडत होता.

"मी दर रविवारी येऊन बघत जाईन," मी म्हणालो.

मामींनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि आत नेऊन ठेवला.

"या. घोडीसाठी या," त्या म्हणाल्या. "पन तुमाला चाय द्यायची नाय, असं ते सांगून गेल्यात."

दर रविवारी जातो. अजून चहा मिळालेला नाही, आणि मिळू नये असंच मला वाटतं.