कडी वर उचला, मग ओढा

आमच्या यांचं नाव विश्राम, पण हा माणूस पाच मिनिटं स्वस्थ बसेल तर शपथ! डोंबिवलीतल्या या घरात आम्हाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकाही सुताराने किंवा प्लंबरने आमचा उंबरा ओलांडलेला नव्हता. काही मोडलं की हे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढणार, त्यातून काडेपेटीच्या काड्या, सुतळी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे निघणार, आणि वस्तू दुरुस्त होणार. दुरुस्त म्हणजे काय, तर इथून पुढे ती चालवायची एक खुबी असणार.

बाहेरचं दार उघडायचं तर किल्ली फिरवून खांद्याने धक्का. किचनचा नळ बंद करायचा तर आधी उलटा अर्धा फेरा. पंखा लावायचा तर बटण दाबून बोर्डाला एक टपली. आमच्या श्रियाला बाराखडीच्या आधी या खुब्या पाठ झाल्या. मी कुरकुरले की यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, चालतंय ना? मग झालं तर!"

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला श्रियाच्या सासूबाई, मंजुळाताई, ठाण्याहून आल्या आणि आमच्या बाथरूममध्ये अडकल्या. हॉलमध्ये पंधरा बायका, आणि हे दाराबाहेर उभे राहून एसटी मागे घ्यायला लावणाऱ्या कंडक्टरसारखे ओरडताहेत, "कडी वर उचला... आता डावा गुडघा लावा... डावा हो, डावा! हां, आता ओढा!" वीस मिनिटांनी बाई घामाघूम होऊन बाहेर आल्या. "विहीणबाई, तुमच्याकडे पाणीसुद्धा बेतानंच प्यायला हवं हो," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी मनाशी ठरवलं, आता बास!

शिमग्याला हे आठ दिवस गावी गेले, पालखी नाचवायला. यांची गाडी सुटली असेल-नसेल, मी विठ्ठलवाडीच्या दौलत सुताराला फोन केला. त्याने ओळखीचा प्लंबर आणि वायरमनही आणला. तीन दिवसांत बिजागऱ्या, कड्या, नळ, बटणं, सगळं घर सरळ. बाथरूमच्या चौकटीतून दौलतने सतरा काड्या उपसल्या. "काकी, दार लाकडावर नाय, माचिसवर उभं होतं," म्हणाला. मी त्याला चहाबरोबर दोन पुरणपोळ्या वाढल्या.

हे परतले. एका हातात ओल्या काजूगरांची पिशवी, दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली आणि सवयीने दाराला खांदा मारला. दार आता बोटानेही उघडत होतं. हे थेट हॉलच्या मध्यावर, आणि काजूगर सोफ्याखाली! लागलं नाही ना ते बघितलं, आणि मग मी पोट धरधरून हसले.

यांनी घरभर फेरी मारली. नळ उघडून बंद केला, पंखा लावला, बाथरूमची कडी चार वेळा काढली-घातली. "छान केलंय हो त्याने," एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

दोन आठवडे तिथेच बसून! एकच पेपर दोनदा वाचायचे. पत्र्याचा डबा गुपचूप माळ्यावर गेला. मी म्हटलं, रुसलेत, रुसू देत. पण एका संध्याकाळी म्हणाले, "सुमेधा, मी जरा श्रियाकडे राहून येऊ का? इथे आता माझ्यावाचून काही अडत नाही." रिटायर झाले तेव्हासुद्धा हा माणूस असं बोलला नव्हता. मला दारं धड हवी होती, पण त्यापायी हा असा गप्प बसलेला नवरा नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे भाजीला गेले. मी किचनमधली सुरी घेतली आणि बाथरूमच्या कडीच्या स्क्रूंना भिडले. एक पटकन ढिला झाला. दुसरा मेला हलेचना! त्याच्याशी झटापट करताना बोट कापलं, पण शेवटी निघाला. हे आल्या आल्या मी गळा काढला, "अहो, बघा ना! दौलतने लावलेली कडी तीन आठवड्यांत निखळली!"

"काय सांगतेस!" पिशवी तिथेच टाकून हे आले. चष्मा पुसून वाकले आणि बराच वेळ त्या स्क्रूकडे बघत राहिले. मग स्टुलावर चढले आणि माळ्यावरून डबा काढला. शीळ घालत भोकात दोन काड्या ठोकल्या, स्क्रू पिळले, कडी लावून दाखवली.

"झालं. फक्त आता जराशी वर उचलायची, मग ओढायची."

"अगंबाई, परत?" मी कपाळाला हात लावला.

डबा बंद करता करता यांनी तळातून एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"हा किचनच्या ड्रॉवरमध्ये असू दे. सुरीने स्क्रूची खाच खराब होते. आणि त्या बोटाला हळद लाव आधी."